मॅक्रो तोच, ऑफिस नवं: थकबाकीच्या नोटिसांचा मेल मर्ज कुठे तुटतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पतसंस्थेत ऑफिस २०१० होतं. नव्या कॉम्प्युटरवर ऑफिस २०२१ बसवलं, तेही ६४ बिट. एक्सेलमधल्या यादीवरून थकबाकीदारांच्या नोटिसा काढणारा, म्हणजे यादीतली नावं-रकमा नोटिशीच्या नमुन्यात भरणारा (मेल मर्ज) वर्डचा मॅक्रो, हा छोटा प्रोग्राम इतकी वर्षं बिनबोभाट चालत होता, तो अडला. आधी मॅक्रो अडवल्याची लाल पट्टी आली. ती घालवली तर ‘डिक्लेअर’ लिहिलेल्या ओळीवर एरर. तिथे कुणीतरी ‘पीटीआरसेफ’ घालून दिलं, तर एरर नंबर ५९२२. शेवटी ओळखीच्या एकाने मॅक्रोच्या डोक्यावर ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’, म्हणजे ‘एरर आली तरी न थांबता पुढच्या ओळीवर जा’, टाकून दिलं. आता एरर येत नाही, नोटिसा निघतात. पण रकमेत दशांशानंतर दहा-बारा आकडे छापले जातात, तारखेत महिना आधी येतो आणि काही सभासदांचा खाते क्रमांकच कोरा.

पहिलं काम: ती ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ची ओळ आत्ता काढा. ती टाकल्यापासून निघालेली एकही नोटीस पोस्टात जाऊ देऊ नका. गेल्या असतील तर जावक रजिस्टर काढा आणि ऑफिस कॉपीवरची प्रत्येक रक्कम खात्याशी ताडून बघा.

हे इतक्या कळकळीने सांगतोय त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी एका संस्थेचं कॉम्प्युटरचं काम बघत होतो. तिथेही अपग्रेडनंतर कुणीतरी हीच ओळ टाकली होती. त्या मॅक्रोत रक्कम आधी एका व्हेरिएबलमध्ये घेतली जायची आणि मग नोटिशीत उतरायची. यादीत एका ओळीत क्लार्कने ‘रु. ८,२००’ असं अक्षरांसकट टाइप केलेलं. त्याचा आकडा करताना एरर आली, मॅक्रोने ती गिळली आणि पुढे गेला. व्हेरिएबलमध्ये मात्र आधीच्या सभासदाची रक्कम तशीच बसलेली. एका आजींना आठ हजार दोनशेच्या जागी सव्वातीन लाखांची नोटीस गेली. दुसऱ्या दिवशी त्या पासबुक पिशवीत घालून, मुलाला बरोबर घेऊन सकाळी साडेनऊला शटर उघडायच्या आधी दारात उभ्या होत्या. त्यांचे थरथरणारे हात मी पाहिलेत. त्या दिवसापासून मर्जच्या कोडमध्ये ही ओळ मी कुणाला ठेवू देत नाही. पैशाच्या कागदावर एरर येऊन काम थांबलं तरी चालेल. चुकीचा आकडा गुपचूप छापला गेलेला चालणार नाही. आणि थकबाकीची नोटीस म्हणजे पुढे सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखल्यासाठी जाताना जोडायचा कागद. तिथला आकडा सरळ असायलाच हवा.

आता मूळ मुद्दा. मॅक्रो पहिल्यांदा अडला तेव्हा त्याच्या मजकुरात एक अक्षरही बदललेलं नव्हतं. बदललंय ते त्याच्या भोवतीचं: फाइलवर विश्वास ठेवायचा की नाही याचे नियम, एक्सेल वाचणारा ड्रायव्हर, विंडोजची प्रादेशिक सेटिंग्ज, फोल्डरचे पत्ते. म्हणून कोडला हात लावण्याआधी तोच मर्ज एकदा हाताने करून बघा. नोटिशीच्या फाइलची कॉपी घ्या, मेलिंग्ज टॅबमध्ये जाऊन यादी नव्याने जोडा, प्रिव्ह्यू बघा. हाताने जोडता येत नसेल तर दोष ड्रायव्हरमध्ये किंवा यादीत आहे, कोड तपासण्यात दिवस घालवू नका. हाताने जोडता आली आणि मॅक्रोनेच जोडता येत नसेल तर दोष मॅक्रोतल्या जोडणीच्या ओळीत. हाताने जोडूनही रकमा वेड्यावाकड्याच दिसत असतील तर ते दुखणं वेगळंच, त्याचा उपाय एक्सेलमध्ये करायचाय. ही दहा मिनिटं पुढचे दोन दिवस वाचवतात.

(खाली कोडमधले शब्द देवनागरीत लिहितोय. मॅक्रोचा कोड जिथे लिहितात त्या एडिटरमध्ये ते रोमन लिपीत, आकडे इंग्रजीतच टाइप करायचे.)

लाल पट्टी तुम्ही घालवलीच आहे, तिच्यावर फार थांबत नाही. २०२२ पासून इंटरनेटवरून किंवा मेलमधून आलेल्या फाइलमधले मॅक्रो ऑफिस आपोआप अडवतं. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली ‘अनब्लॉक’ची खूण, एका फाइलपुरतं एवढं पुरतं. पण फाइल ऑफिसच्या सर्व्हरवर असेल आणि सर्व्हर आयपी पत्त्याने उघडत असाल तर विंडोज त्यालाही बाहेरचं समजू शकतं. तिथे ट्रस्टेड लोकेशन, म्हणजे ऑफिसने विश्वासाचं मानायचं फोल्डर, नव्याने द्यावं लागतं, आणि नेटवर्कवरच्या जागेसाठी त्याच खिडकीतली वेगळी खूणही करावी लागते. जुन्या ऑफिसमध्ये दिलेली ट्रस्टेड लोकेशन्स नव्यात आपसूक येतील असं धरू नका. प्रत्येक आवृत्तीची सेटिंग्ज रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, वेगळ्या नंबराखाली राहतात. हा नंबर लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा लागणार आहे.

‘डिक्लेअर’बद्दल मात्र थांबतो, कारण तिथे केलेली दुरुस्ती मला अर्धवट वाटते. ‘डिक्लेअर’ म्हणजे मॅक्रो थेट विंडोजच्या एखाद्या कामाला हाक मारतो. ६४ बिट ऑफिसमध्ये त्या ओळीवर ‘पीटीआरसेफ’ लिहावंच लागतं, ते लिहिलं की कंपाइल एरर जाते. पण तो शब्द म्हणजे लिहिणाऱ्याने दिलेली हमी असते की ‘या ओळीतले प्रकार मी तपासलेत’. ते तपासायचं काम उरतंच. साधी ‘स्लीप’ असेल, दोन नोटिसांमध्ये अर्धा सेकंद थांबायला, तर काळजी नाही. तिचा मिलिसेकंदांचा आकडा ‘लाँग’ या प्रकारचाच राहतो. पण फोल्डर निवडायची जुनी खिडकी उघडणारं किंवा खिडकीचं हँडल (विंडोजने तिला दिलेली ओळख) घेणारं काही असेल तर तिथला ‘लाँग’ बदलून ‘लाँगपीटीआर’ करायला हवा. नाही केला तर कधी चालेल, कधी वर्ड न सांगता बंद पडेल. फोल्डर निवडण्यासाठी असेल तर ती सगळी भानगडच काढून टाका आणि ऑफिसचं स्वतःचं ‘ॲप्लिकेशन.फाइलडायलॉग’ वापरा. तिथे डिक्लेअर लागतच नाही.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट बघून घ्या. एडिटरमध्ये टूल्स, मग रेफरन्सेस. यादीत कुठे ‘मिसिंग’ दिसतंय का? हा दोष फसवा आहे. संदर्भ तुटलेला असतो एखाद्या तारीख निवडायच्या कंट्रोलचा, आणि एरर दाखवली जाते ‘लेफ्ट’ किंवा ‘फॉरमॅट’ किंवा ‘डेट’ लिहिलेल्या अगदी निष्पाप ओळीवर, ‘कान्ट फाइंड प्रोजेक्ट ऑर लायब्ररी’ म्हणून. माणूस ती ओळ दहा वेळा वाचतो, चूक सापडत नाही. ‘मिसिंग’ची खूण काढा, मग काय तुटतं ते बघा. जुन्या फॉर्मवरचा कॅलेंडर किंवा डेट पिकर ६४ बिटमध्ये मिळायचा नाही. त्याच्या जागी साधा टेक्स्टबॉक्स ठेवा आणि टाकलेली तारीख ‘इजडेट’ने तपासा. अशा जुन्या कंट्रोल्सनी भरलेले दहा-बारा फॉर्म असतील आणि ते बदलायला माणूस नसेल, तर ६४ बिट ऑफिस काढून ३२ बिट बसवणं हाही सरळ मार्ग आहे. त्यात कमीपणा काही नाही. पतसंस्थेच्या यादीला ६४ बिटची गरज पडत नाही. ऑफिस २०१९ पासून नेहमीच्या इन्स्टॉलमध्ये ६४ बिटच बसतं, म्हणून ते तुमच्याकडे आलं. कुणी विचार करून निवडलं असं नाही.

आता तुमचा ५९२२. म्हणजे वर्डला यादी उघडता आली नाही. मॅक्रोत ‘ओपनडेटासोर्स’ची ओळ शोधा. बहुतेक ती कुणीतरी मॅक्रो रेकॉर्डरने नोंदवलेली असेल, दोन-तीन ओळींची लांबलचक. तिच्यात ‘प्रोव्हायडर=मायक्रोसॉफ्ट.जेट.ओएलईडीबी.४.०’ दिसलं की निदान झालं. जेट हा ड्रायव्हर फक्त ३२ बिटचा. त्याचा ६४ बिट अवतार कधी निघालाच नाही. त्याच्या जागी एसीई आला, नावात ‘एसीई.ओएलईडीबी.१२.०’. पण जेटच्या जागी एसीई लिहून मोकळं होऊ नका. ती पूर्ण ओळ नीट वाचा. रेकॉर्डर ही ओळ २५५ अक्षरांवर कापतो, म्हणून तिचा शेवट बहुधा ‘जेट ओएलईडीबी:ग्लोब’ असा शब्दाच्या मध्येच तुटलेला दिसेल. इतकी वर्षं वर्डने ते अर्धवट वाक्य चालवून घेतलं. आता ते सगळं शेपूटच काढा. वर्डला खरं तर दोनच गोष्टी हव्या असतात: फाइल कुठली, आणि तिच्यातलं शीट कुठलं.

विथ ॲक्टिव्हडॉक्युमेंट.मेलमर्ज
.मेनडॉक्युमेंटटाइप = डब्ल्यूडीफॉर्मलेटर्स
.ओपनडेटासोर्स नेम:=फाइलपाथ, रीडओन्ली:=ट्रू, लिंकटूसोर्स:=फॉल्स, ॲडटूरिसेंटफाइल्स:=फॉल्स, एसक्यूएलस्टेटमेंट:="सिलेक्ट * फ्रॉम `शीट१$`"
एंड विथ

शीटच्या नावाभोवतीचं चिन्ह नीट बघा: ते सरळ अवतरण नाही, कीबोर्डवर एकच्या डावीकडे असतं ते तिरकं चिन्ह, बॅकटिक. आणि नावानंतर डॉलर. या दोनपैकी एक राहिलं की पुन्हा ५९२२. यादी जुन्या एक्सएलएस प्रकारात असेल तर ती एक्सएलएसएक्समध्ये सेव्ह करा. एसक्यूएलची, म्हणजे यादीतल्या ओळी निवडणाऱ्या आज्ञेची, अट मोठी असेल, म्हणजे शाखा अमुक आणि थकबाकी तमुकपेक्षा जास्त आणि मुदत संपलेली, तर तिलाही २५५ अक्षरांची मर्यादा आहे. उरलेला भाग ‘एसक्यूएलस्टेटमेंट१’ मध्ये द्यावा लागतो. मी तसं करत नाही. एक्सेलमध्येच ‘नोटीस’ नावाचा कॉलम करतो, सूत्राने तिथे १ किंवा ० येतं, आणि अट एवढीच की नोटीस = १. उद्या दुसरा कुणी खुर्चीवर बसला तर त्याला कोड न उघडता कळतं कुणाला नोटीस जाणार आहे.

इथे तुमच्या बाबतीत मला एक धास्ती वाटते. ओपनडेटासोर्स फसत होतं आणि तरी नोटिसा निघत होत्या. मग त्या कुठल्या यादीवरून निघाल्या? नोटिशीच्या फाइलला मध्ये कुणीतरी हाताने यादी जोडून ती सेव्ह केली असणार. मॅक्रोची नवी जोडणी फसली, एरर गिळली गेली आणि मर्ज त्या आधीच्या जोडणीवर झाला. ती यादी मार्चची असेल तर मार्चची. तपासायला एडिटरमध्ये कंट्रोल आणि जी दाबा, खाली उघडणाऱ्या खिडकीत प्रश्नचिन्ह देऊन ‘ॲक्टिव्हडॉक्युमेंट.मेलमर्ज.डेटासोर्स.नेम’ लिहा, एंटर. जोडलेल्या फाइलचा पूर्ण पत्ता समोर येईल. शेवटचा शब्द ‘क्वेरीस्ट्रिंग’ केला तर कुठलं शीट आणि कुठली अट तेही दिसेल. हे आधी करा.

यावरचा माझा कायमचा उपाय असा: नोटिशीची फाइल कुठल्याच यादीला न जोडता साधी वर्ड फाइल म्हणून ठेवायची. मेलिंग्ज टॅबमध्ये ‘स्टार्ट मेल मर्ज’खाली ‘नॉर्मल वर्ड डॉक्युमेंट’ निवडा, सेव्ह करा. फिल्ड्स, म्हणजे यादीतला मजकूर उतरायच्या जागा, जागच्या जागी राहतात. जोडायचं काम दर वेळी मॅक्रो करेल आणि काम झालं की ‘मेनडॉक्युमेंटटाइप = डब्ल्यूडीनॉटअमर्जडॉक्युमेंट’ करून सोडून देईल. याचा दुसरा फायदाही मोठा आहे. जोडलेली फाइल उघडताना वर्ड विचारतो ना, ‘ही फाइल उघडली की अमुक एसक्यूएल कमांड चालेल, चालू द्यायची का’, तो प्रश्नच येत नाही. पुष्कळ ऑफिसांत हा प्रश्न बंद करायला रजिस्ट्रीत ‘एसक्यूएलसिक्युरिटीचेक’ शून्य केलेलं असतं. पण ते केलेलं असतं १४.० च्या खाली, कारण २०१० चा नंबर १४. तुमचं २०२१ वाचतं १६.० च्या खालचं. म्हणून अपग्रेडनंतर प्रश्न पुन्हा उगवतो. आणि एक्सेलमधून वर्ड उघडणारा मॅक्रो ‘डिस्प्लेअलर्ट्स’ बंद ठेवून चालत असेल, तर त्या प्रश्नाचं उत्तर गुपचूप ‘नाही’ असं धरलं जातं, यादी सुटते आणि पुढच्या ओळीवर ५८५२ येतो. लोक मग ती रजिस्ट्रीची नोंद १६.० मध्ये पुन्हा करतात. चालतं. पण तो प्रश्न मायक्रोसॉफ्टने सुरक्षेसाठी ठेवलाय. कॉम्प्युटरवरच्या सगळ्याच फाइलींसाठी तो बंद करण्यापेक्षा आपली फाइल सुटी ठेवणं मला जास्त बरोबर वाटतं.

जोडणीतला शेवटचा अडथळा म्हणजे पत्ता. नव्या कॉम्प्युटरवर पहिल्यांदा साइन इन करताना ‘बॅकअप सुरू करा’ला कुणीतरी होकार दिला असेल तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डर्स वनड्राइव्हमध्ये गेलेली असतात. दिसतात जागच्या जागीच, पण मॅक्रोने ‘ॲक्टिव्हडॉक्युमेंट.पाथ’ विचारला की सी ड्राइव्हऐवजी वेबचा लांब पत्ता मिळतो, आणि त्याला उलटी रेघ व यादीचं नाव जोडून काही उघडत नाही. यादी आणि नोटीस सी किंवा डी ड्राइव्हवर साध्या फोल्डरमध्ये हलवा. सभासदांची थकबाकी अशी माहिती कुणाच्या तरी वैयक्तिक खात्याच्या वनड्राइव्हवर नसावी, हे वेगळं सांगायला हवं असं नाही.

एवढं झालं की मॅक्रो चालेल. पण तुमच्या तीन तक्रारी, रक्कम, तारीख आणि कोरा खाते क्रमांक, तशाच राहतील. त्या एकाच मुळातून येतात.

जुन्या मॅक्रोत जोडणीच्या जागी ‘एन्टायर स्प्रेडशीट’ असे शब्द आहेत का बघा. किंवा जुन्या कॉम्प्युटरवर यादी जोडताना एक्सेल आपोआप उघडायचं का ते आठवा. तसं असेल तर तो डीडीई पद्धतीने चालत होता. त्यात वर्ड एक्सेललाच विचारतो, आणि सेलमध्ये डोळ्यांना जे दिसतं तेच वर्डमध्ये येतं: दोन दशांश, आपली तारीख, स्वल्पविरामासकट. त्यात फक्त पहिलं शीट वाचता येतं, पण मांडणी जशीच्या तशी. आता जोडणी ओएलई डीबीने, म्हणजे वर सांगितलेल्या एसीई ड्रायव्हरच्या पद्धतीने, होते. ती सेलच्या पोटातला कच्चा आकडा उचलते. एक्सेलमध्ये १२,४५०.५५ दिसणारी रक्कम पोटात दोनाच्या घातांत साठवलेली असते, ती १२४५०.५४९९९९९९९९९९ होऊन बाहेर येते. ३ एप्रिलची तारीख ४/३ म्हणून येते, अमेरिकन वळणाने. आपल्या सभासदाने ती ४ मार्च वाचली तर त्याचा दोष नाही. मुदत संपल्याची तारीख महिनाभर मागे गेली तर तो व्याजावरून भांडायला येईल, आणि ते बरोबरच असेल.

वर्डच्या फिल्डमध्ये स्विच घालून हे सुधारता येतं. ऑल्ट आणि एफ९ दाबलं की फिल्डचा कोड दिसतो, रकमेच्या फिल्डमध्ये उलटी रेघ, हॅश आणि "०.००", तारखेत उलटी रेघ, ॲट आणि "डीडी/एमएम/वायवायवायवाय". यातला महिन्याचा एमएम मोठ्या अक्षरांतच हवा, लहानात मिनिटं होतात. पण पतसंस्थेच्या कामात मी स्विचवर विसंबत नाही. नोटिशीत ती रक्कम तीन ठिकाणी असते, एका ठिकाणी स्विच राहून जातो. त्यापेक्षा एक्सेलमध्ये मूळ कॉलमशेजारी ‘रक्कम छापील’, ‘तारीख छापील’ असे कॉलम करा आणि मर्जला तेच द्या.

=टेक्स्ट(डी२,"[>=१०००००००]##\,##\,##\,##०.००;[>=१०००००]##\,##\,##०.००;##,##०.००")
=टेक्स्ट(ई२,"डीडी/एमएम/वायवायवायवाय")

पहिल्या सूत्राने कोटी आणि लाखाचे स्वल्पविराम आपल्या पद्धतीने पडतात, विंडोजची सेटिंग काहीही असो. तसं नव्या कॉम्प्युटरच्या कंट्रोल पॅनेलमध्ये रीजन बघाच. दुकानातून आलेल्या मशिनवर ते बऱ्याचदा ‘इंग्लिश युनायटेड स्टेट्स’ असतं. ते ‘इंग्लिश इंडिया’ करा, म्हणजे १२,३४,५६७ ऐवजी १,२३४,५६७ दिसण्याचा बाकीचा त्रासही जाईल. एक फायदा असा की सूत्रातून आलेलं उत्तर अक्षरं असतात. अक्षरं म्हणून गेली की वर्ड त्यांना हात लावत नाही.

कोरा खाते क्रमांक हा या सगळ्यात मला सर्वांत धोकादायक वाटतो, कारण चुकीची रक्कम नजरेत खुपते, कोरी जागा सुटून जाते. ओएलई डीबीचा ड्रायव्हर कॉलम आकड्यांचा की अक्षरांचा हे ठरवायला पहिल्या ८ ओळी बघतो. तुमच्या यादीत वरची खाती १०२४, १०२५, १०३० अशी नुसत्या आकड्यांची असणार. ड्रायव्हर ठरवतो, हा आकड्यांचा कॉलम. मग चाळिसाव्या ओळीत ‘१०३१/अ’ येतं, ते आकड्यात बसत नाही, म्हणून तिथे रिकामं. कुठलीही एरर नाही. कर्जखात्याला ‘/अ’, ‘/ब’ लावायची किंवा वारसाच्या नावावर फिरवताना पुढे काही जोडायची पद्धत जिथे आहे तिथे हे हमखास होतं. याच नियमाने पत्त्यासारखा लांब मजकूरही २५५ अक्षरांवर कापला जातो, जर पहिल्या आठ जणांचे पत्ते छोटे असतील तर.

कॉलम निवडून फॉरमॅट ‘टेक्स्ट’ केला की झालं, असं पुष्कळांना वाटतं. होत नाही. आधीच टाइप केलेले आकडे आकडेच राहतात, फक्त दिसायला डावीकडे सरकतात. कॉलम निवडून डेटा टॅबमधलं ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ उघडा, तिसऱ्या पायरीवर ‘टेक्स्ट’ निवडून फिनिश करा. तेव्हा प्रत्येक सेल खरोखर अक्षरांचा होतो, कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसतो. किंवा इथेही शेजारी सूत्राचा कॉलम: =ए२&"". मी सूत्राचाच कॉलम ठेवतो, कारण उद्या नवीन खाती चिकटवली तरी तो आपलं काम करत राहतो.

मराठीच्या बाजूने दोन गोष्टी, ज्या इंग्रजी मदतीत सापडत नाहीत. एडिटरला देवनागरी कळत नाही. कोडमध्ये "थकबाकी नोटीस" असं अवतरणात लिहिलं की त्याची प्रश्नचिन्हं होतात, आणि फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नसल्याने सेव्ह करताना एरर येते. म्हणून शीटचं नाव, फोल्डरचं नाव आणि कोडमधला प्रत्येक शब्द रोमनमध्ये ठेवा. यादीतून आलेलं देवनागरी नाव मात्र नोटिशीत नीट उतरतं, त्याला काही होत नाही. फक्त सभासदाच्या नावाने पीडीएफ सेव्ह करत असाल आणि ‘डिर’ वापरून ती आधीच आहे का बघत असाल तर ती तपासणी फसते; देवनागरी नाव ‘डिर’ला वाचता येत नाही. पीडीएफला खाते क्रमांकाचं नाव द्या, ‘/’ च्या जागी ‘-’ घालून. दुसरी गोष्ट फाँटची. फिल्डचा फाँट बदलूनही नाव दुसऱ्याच वळणात येत असेल तर फाँटची मोठी खिडकी उघडा. तिथे ‘लॅटिन टेक्स्ट’ आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असे दोन भाग दिसतील. देवनागरीला दुसरा भाग लागू होतो, ठळक आणि आकारही तिथलाच. आणि यादीत नावं युनिकोडमध्ये नसून जुन्या श्रीलिपीसारख्या फाँटात टाइप केलेली असतील, तर नव्या मशिनवर तो फाँट नसल्याने ती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतील. तात्पुरता तो फाँट बसवा, पण या निमित्ताने यादी युनिकोडमध्ये आणा.

सुटी नोटीस वेगळी काढणारी फिरती ओळ, म्हणजे ‘फॉर’ एकपासून ‘रेकॉर्डकाउंट’पर्यंत, तुमच्या मॅक्रोत असेल तर तीही बघा. वर्डला नोंदी मोजता आल्या नाहीत तर रेकॉर्डकाउंट -१ सांगतो. एकपासून उणे एकपर्यंत फिरायचं म्हणजे एकदाही फिरायचं नाही. मॅक्रो क्षणात संपतो, नोटीस नाही, एररही नाही. आधी ‘ॲक्टिव्हरेकॉर्ड = डब्ल्यूडीलास्टरेकॉर्ड’ करून मग ॲक्टिव्हरेकॉर्डचा आकडा वाचा, तो खरा. फिरताना ‘फर्स्टरेकॉर्ड’ आणि ‘लास्टरेकॉर्ड’ दोन्ही त्याच नंबरावर ठेवायचे.

मॅक्रो एक्सेलमध्ये बसून वर्ड चालवत असेल आणि कुणी रेफरन्स काढून ‘क्रिएटऑब्जेक्ट’ केलं असेल, तर डोक्यावर ‘ऑप्शन एक्स्प्लिसिट’ लिहा, म्हणजे अनोळखी नावावर मॅक्रो थांबेल. नाही लिहिलं तर ‘डब्ल्यूडीफॉरमॅटपीडीएफ’सारख्या नावाचा अर्थ एक्सेलला माहीत नसतो, तो त्याला शून्य धरतो. खरी किंमत १७. शून्य म्हणजे जुनी वर्ड फाइल. नाव पीडीएफ, आत वर्ड, उघडताना ‘फाइल खराब आहे’. पुढे कधी नोटिसा मेलने पाठवायचा विचार केलात तर लक्षात असू द्या, विंडोजमधलं ‘न्यू आउटलुक’ मॅक्रोच्या हाकेला ओ देत नाही. त्याला जुनं, क्लासिक आउटलुकच लागतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आणि ऑफिस २०१६ व २०१९ चा सपोर्ट एकाच दिवशी संपला, तेव्हापासून असे प्रश्न मला सारखे येतात. जुना कॉम्प्युटर अजून भंगारात दिला नसेल तर देऊ नका. इंटरनेट काढून ठेवा आणि त्यावर गेल्या वर्षीच्या यादीच्या नोटिसा पुन्हा काढा. नव्यावर त्याच यादीच्या काढा. दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून ताडता येतील.

पूर्ण यादी लावण्याआधी नऊ-दहा ओळींची एक फाइल करा. एक खातं ‘/अ’वालं आणि ते मुद्दाम शेवटच्या ओळीत, त्याच्या आधी निदान आठ नुसत्या आकड्यांची खाती यावीत. एक रक्कम लाखाच्या पुढची, पैशांसकट. एक तारीख अशी की दिवस आणि महिना दोन्ही बाराच्या आत. एक पत्ता भला मोठा, गाव-पोस्ट-तालुक्यासकट. आणि एक ओळ अशी की रकमेच्या सेलमध्ये ‘रु. ८,२००’ हेच टाइप केलेलं. मूळ रकमेत अक्षरं मिसळली की मॅक्रोने थांबून ओरडलं पाहिजे. ते ओरडतं का बघा. ओरडत नसेल तर रक्कम घेण्याआधी ‘इजन्यूमेरिक’ची तपासणी घाला, आणि कुठल्या खात्यावर थांबला ते दाखवायला लावा. नोटिसांची संख्या ‘नोटीस’ कॉलमच्या बेरजेशी जुळली, छापील रकमांची बेरीज थकबाकी यादीच्या बेरजेशी जुळली, की मग पूर्ण यादी लावा, आणि पहिला गठ्ठा पाकिटात घालण्याआधी खातेवहीशी ताडून घ्यायला वसुली अधिकाऱ्यांना शेजारी बसवा.